रामटेके मावशीचं नाक

आमच्या अर्जुनी मोरगावच्या आठवडी बाजारात माझी थोडी बदनामी आहे. कारण सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मी जुडी हातात घेतो, उलटी करतो, मधला एक देठ मोडतो, बोटांत चुरडतो, नाकाशी नेतो आणि डोळे मिटतो. एवढं होईपर्यंत मागे चार गिऱ्हाइकं खोळंबतात. भाजीवाली कमरेवर हात ठेवून म्हणते, "साहेब, सांबार घेऊन राहिले का जावई पसंत करून राहिले?"

मी डोळे न उघडता सांगतो, "बाई, ही आज सकाळची नाही. काल दुपारी उपटलेली आहे आणि रात्री ओल्या पोत्याखाली झोपलेली आहे."

बाईचा चेहरा पडतो. पाटीच्या तळातून दुसरी जुडी निघते. मागची गिऱ्हाइकं माझ्याकडे एखाद्या मांत्रिकाकडे बघावं तशी बघतात, आणि मी झाडीपट्टीच्या नाटकातल्या राजासारखी मान किंचित वर करून थैली पुढे धरतो. बायको सोबत असली तर ती अशा वेळी कांद्याच्या दुकानात उभी असते. ओळख दाखवत नाही.

आता खरं सांगून टाकतो. ही विद्या माझी नाही. ती मला चाळिशी उलटल्यावर, दोन मोठ्या माणसांसोबत, शाळकरी पोरासारखं उभं करून शिकवली गेली. आणि ज्या बाईनं शिकवली, तिला त्या दिवसांत स्वतःला कशाचाच वास येत नव्हता.

मी तेव्हा गोंदियात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बायको-मुलं अर्जुनीला, धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, अर्जुनीला, आईवडील अर्जुनीला. गोंदियात फक्त मी, कुडवा भागातली एक खोली आणि एक जुनी स्कूटर. शनिवारी रेल्वेनं घरी, सोमवारी परत. मधल्या दिवसांत मला जिवंत ठेवायचं काम रामटेके मावशीकडे होतं.

तिच्या मेसला पाटी नव्हती. गल्लीत शिरलं की फोडणीचा वास यायचा, तो जिथे सर्वांत दाट होई तिथे निळं फाटक. आत दोन लांब बाकडी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला, चष्म्याचा फोटो; दोन्हींना रोज ताजं फूल. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे परस. परसात तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एक फुटकं वॉशबेसिन, आणि ह्या सगळ्यांत झाडं. गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, जमिनीत लावलेला आणि कौलांच्या वर गेलेला. जाड, केसाळ पानांचा ओवा. गवती चहा, पुदिना, तुळस, हळद, अद्रक, मेथी, सांबार. कोपऱ्यात मुनगा, म्हणजे शेवगा, वॉचमनसारखा उभा. ह्या सगळ्या गोतावळ्याला पाणी एकच: तांदूळ धुतलेलं. आमचा जिल्हा भाताचा, आणि मेस म्हटली की तांदूळ भगोणंभर. मावशी त्या धुवणाचा एक थेंब मोरीत जाऊ देत नसे.

मावशी स्वतः दिसायला किरकोळ. साडेचार फुटांच्या वर दोन बोटं. केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेला, आणि चेहऱ्याच्या मधोमध एक असं नाक, की आधी नाक घडलं आणि उरलेल्या मातीत बाकीची मावशी बसवली, असं वाटावं.

पहिल्या दिवशी मी फाटकात उभा राहून नाव, आडनाव, कचेरी, सगळं अर्ज भरल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "ते ठेव तुझ्यापाशी. जीभ दाखव."

"अं?"

"जीभ. तोंडात असते ते."

मी दाखवली. तिनं ती सातबारा वाचावा तशी वाचली. मग माझ्या ताटात भातासोबत ओव्याच्या पानांची चार भजी पडली. बाकी कुणाच्याच ताटात नव्हती.

"तुले खोकला हाय," ती म्हणाली.

"नाही मावशी."

"उद्या होईन."

दुसऱ्या दिवशी मला खोकला झाला. तो होणारच होता की मावशीच्या धाकानं झाला, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

जीभ दाखवायचा हा कायदा सर्वांना लागू होता. एकदा एक नवा अधिकारी आला. जेवायला बसण्याआधी फार गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय? म्हणजे, आपण कोणापैकी?"

बाकड्यावरचे हात थांबले. मावशी वाढतच होती. म्हणाली, "रामटेके. आन् भिंतीवरचा फोटो दिसून राहिला ना तुमाले? झालं तं मंग. आता तुमी कोन ते सांगू नोका, मले त्याचं काही काम नाही. जीभ दाखवा."

अधिकाऱ्यानं जीभ दाखवली. काय करणार! मावशीनं वाकून पाहिली, चुकचुकली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोट साफ नाही तुमचं. आज मुंगाचं वरन खा, पुदिना टाकून." साहेबांनी मान खाली घालून मुगाचं वरण खाल्लं. पुढे दीड वर्ष, बदली होईपर्यंत, ते तिथेच जेवले आणि रोज न सांगता जीभ काढून उभे राहायचे.

कायमचे जेवणारे आम्ही तिघं. मी एक. दुसरे बिसेन सर, तिरोड्याकडचे, गणिताच्या शिकवण्या घेणारे, हसणं हा वेळेचा अपव्यय मानणारे. तिसरे तिवारीजी, कापडाच्या दुकानात मॅनेजर. मराठी सगळं कळायचं, पण बोलायचे हिंदीत, आणि सगळ्या आजारांवरचा इलाज त्यांच्या मोबाइलवर आलेला असायचा.

एकदा त्यांनी जाहीर केलं, "मौसी, मैंने शुगर की गोली बंद कर दी. रोज सुबह खाली पेट मीठे नीम के दस पत्ते. वीडियो आया है."

मावशीनं कढई खाली ठेवली. "गोली बंद केली? कोनाले विचारून?"

"अरे मौसी, आप ही तो कहती हैं, गोडनिंब बहुत अच्छा."

"वरनात चांगला म्हनते मी! हे जेवन हाय तिवारी, दवाई नोहे. पान खा, गोली बी खा. पान माझं, गोली डाक्टरची. मी त्याच्या कामात पडत नाही आन् तो माझ्या फोडनीत पडत नाही." मग तिनं तिवारीजींचं ताट उचलून आत नेलं. ते खोलीवर जाऊन गोळी आणेपर्यंत आणि तिच्या समोर पाण्यानं गिळेपर्यंत ताट बाहेर आलं नाही. त्यानंतर ती रोज वाढण्याआधी तिवारीजींकडे फक्त तळहात पुढे करायची. ते गोळी दाखवायचे. मग भात.

आता तिच्या नेमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या नेमावर उभी आहे.

मावशी चाखत नसे. कधीच नाही. तिची माय गावातल्या लग्नांत, बुद्धजयंतीच्या जेवणांत शे-दोनशे माणसांचं रांधायची. तिनं घालून दिलेला नेम असा, की शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत रांधणाऱ्या बाईनं जिभेवर थेंबही ठेवायचा नाही. आधी लोक, मग आपण. मग मीठ कसं कळायचं? नाकानं. मावशी भगोण्यावरचं झाकण चार बोटं सरकवायची, वाफेत नाक धरायची, आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." मी एकदा विचारलं, "मावशी, मिठाला कुठे वास असतो?" ती म्हणाली, "मिठाले नसते. मीठ पडलं की वरनाचा वास खाली बसते. नाही पडलं तं वरच तरंगत राहते." मी पुष्कळ वर्षं प्रयत्न करतो आहे. मला तो बसलेला वास अजून दिसलेला नाही. पण तिला चुकताना कुणी पाहिलं नव्हतं.

भाजीचंही तसंच. माझ्या पहिल्याच महिन्यात एकदा तिच्याकडचं सांबार संपलं म्हणून तिनं मला बाजारातून आणायला सांगितलं. मी धानवाला माणूस, भाजीपाला घरी आईच्या खात्यात. हिरवं दिसलं, घेतलं. फाटक ढकललं, अजून पाय आत पडला नव्हता, तो स्वयंपाकघरातून आवाज आला, "कालचं हाय. वापस नेऊन दे." मी तसाच वळलो. देठ कापून फेकणाऱ्यांवर तिचा विशेष राग होता. "देठातच तं सारं असते," ती म्हणायची, "पान हे नुसतं दाखवायले."

आणि मेसचा दुसरा कायदा, न लिहिलेला: जेवणाला नावं ठेवायची. कौतुक कुणी करत नसे. करायची पद्धतच नव्हती. बिसेन सर रोज वरणाला दहापैकी गुण द्यायचे. "आज सहा." कधी "साडेपाच." मुनग्याची कोवळी पानं टाकलेल्या वरणाला एकदा "सात" मिळाले, तेव्हा तिवारीजींनी टाळ्या वाजवल्या होत्या. मावशी उलटून म्हणायची, "तुमच्या पोट्ट्यायले गनितात किती पडतात ते सांगा आधी." असं सगळं खुशीत चाललं होतं.

मग तो ताप आला. ज्या वर्षी सगळीकडे आला होता, तोच. मेस बंद झाली, आम्ही आपापल्या गावी गेलो, मावशी आजारी पडल्याचं फोनवर कळलं. नागपूरला नर्स असलेली तिची मुलगी फोनवरूनच तिला सांभाळत होती. मावशी उठली. अशक्त, पण उठली. दारं उघडली, आम्ही परतलो, निळं फाटक पुन्हा ढकललं.

त्या पहिल्या दिवशीचं जेवण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वरण करपलेलं होतं. नुसतं करपलेलं नाही. तळाला जळून त्याची धुरकट चव सगळ्या भगोण्यात चढली होती. वरून दिसायला सुंदर, पिवळंधमक, गोडनिंबाची पानं तरंगताहेत. आणि जवसाची चटणी खवट. इतकी खवट, की जिभेवर ठेवल्याबरोबर घसा स्वतःहून बंद झाला. मी तिवारीजींकडे पाहिलं. तिवारीजींनी बिसेन सरांकडे पाहिलं. बिसेन सरांनी भिंतीवरच्या बुद्धाकडे पाहिलं.

मावशी समोर उभी होती. अर्धी झालेली, गालांची हाडं वर आलेली, हातात पळी, आणि डोळ्यांत एवढी आशा, की ती पाहवत नव्हती.

आता आमची चूक ऐका. तिघं शहाणे लोक; एकानं तरी म्हणायचं की नाही, मावशी, वरण लागलं! रोज नावं ठेवणारे आम्ही. पण तिघांनाही एकाच क्षणी एकच बुद्धी झाली.

तिवारीजी म्हणाले, "वाह मौसी! कमाल!"

मी म्हणालो, "मावशी, अशी चटणी आजवर खाल्ली नाही." हे खरंच होतं.

आणि बिसेन सरांनी घास गिळला, डोळ्यांत आलेलं पाणी टिपलं आणि म्हणाले, "दहा."



"किती?" मावशीनं विचारलं.

"दहा. दहापैकी."

मावशीनं पळी खाली ठेवली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "काय झालं वरनाले?"

आम्ही तिघं ताटातला भात कालवत बसलो.

"काय झालं वरनाले? सांगून राहिले का नाही?"

"थोडं लागलं आहे," मी म्हणालो.

"आन् चटनी?"

"जुनी आहे, मावशी."

ती आत गेली. तिनं गॅसची टाकी बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन आमची ताटं उचलली आणि म्हणाली, "आजपासून मेस बंद. तुमी दुसरीकडं पाहा." आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो, तेव्हा तिनं हात वर केला. "मले वास येत नाही. महिना झाला. वाटलं, रोजच्या हातानं जमून जाईन. नाही जमलं. ज्या दिवशी मले कळत नाही मी काय वाढून राहिली, त्या दिवशी मी मानसायले जेऊ घालनार नाही. जा."

दुसऱ्या दिवशी फाटकाला आतून कडी. तिवारीजींनी हाका मारून गल्ली गोळा केली. शेवटी बिसेन सरांनी, ह्या गंभीर माणसानं, कुंपणावरून पाय टाकला आणि कडी काढली.

मावशी परसात उलट्या बादलीवर बसली होती. तिच्याभोवती चुरडलेल्या पानांचा थर होता. गोडनिंब, पुदिना, तुळस, ओवा. एकेक पान तोडायचं, चुरडायचं, नाकाशी धरायचं, टाकून द्यायचं. सकाळपासून तेच चालू असावं. ओव्याच्या झाडाला पान उरलं नव्हतं.

"सारा कागद झाला गा," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "अद्रक कागद, सांबार कागद. काही हुंगा, कागदच."

तिवारीजींना रडू फुटलं. ते सिनेमातही रडायचे. आणि बिसेन सर, पँट कुंपणाला अडकून फाटलेली, हात मागे बांधून, फळ्यासमोर उभे राहावे तसे म्हणाले, "मावशी, सरळ हिशोब आहे. तुमचं एक नाक बंद आहे. आमची तीन चालू आहेत."

मावशीनं मान वर केली. कितीतरी वेळानं तिच्या चेहऱ्यावर जुनी मावशी आली. "तुमची नाकं?" ती म्हणाली. "त्यायले सर्दीशिवाय काही माहीत हाय का?"

पण ती उठली.

मुलगीही त्या आठवड्यात आली, आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वास येईल, कदाचित नाहीही येणार. नक्की सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार उग्र वास नीट मन लावून घ्यायचे. मावशी परत येऊन म्हणाली, "चार म्हनते डाक्टर. माह्या परसात चवदा हायेत." तेव्हापासून दोन्ही वेळा ती उलट्या बादलीवर बसून चौदा झाडांपाशी हजेरी घेऊ लागली. काहीच येत नव्हतं. तरी एकही चुकवत नसे.

आणि सकाळी साडेआठला आमची शाळा भरायची. तीन मोठे पुरुष, कामावर जायच्या कपड्यांत, शेगडीसमोर रांगेत. मावशी एक पान चुरडून पहिल्याच्या नाकाशी धरायची. "कसा वास हाय?"

"छान," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"छान म्हंजे काय? छान तं लग्नात म्हनतात. कशासारखा, ते सांग."

आम्हाला वासासाठी शब्दच नव्हते, हे तेव्हा कळलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जेवलो, पण विचारल्यावर तोंड उघडं पडलं. मावशी सोडायला तयार नव्हती. हळूहळू एकेकाला आपापल्या पोटापाण्यातून शब्द सापडू लागले. तिवारीजी उकळत्या भाताच्या पेजेवर नाक धरून ओरडले, "मौसी! नए थान का कलफ! जब पहली बार खोलते हैं!" कोऱ्या कापडाची खळ, असं त्यांना म्हणायचं होतं. बिसेन सरांनी ताज्या हळदीच्या पानाला "पावसात भिजलेल्या खडूचा डबा" म्हटलं आणि स्वतःच चकित झाले. मला पहिल्यांदा सूर लागला तो सांबाराच्या देठाशी. मी म्हणालो, "मावशी, धान कापल्यावर बांधीत पहिलं पाऊल टाकतो ना, खुंट पायाखाली मोडतात, तेव्हा येतो तसा."

मावशीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "आजचंच हाय. टाक."

असं ती रांधायची. आम्ही तिला शब्द द्यायचो, ती डोळे मिटून त्या शब्दांवरून आपल्या आठवणीतला वास शोधून काढायची आणि त्यावर हुकूम सोडायची. "धूर कसा हाय? लाकडाचा का लोखंडाचा?" "लोखंडाचा." "मंग लसून लागून राहिलं, उतरव!" "अजून मोहरी तडतडते." "मोहरीचं मी ऐकून राहिली, कान शाबूत हायेत माहे. तू नाक पाहा." मिठाचं मात्र आमच्यानं जमलं नाही. तेव्हा तिनं तिवारीजींना चाखायला लावलं. स्वतः नाही. एवढं सगळं गेलं, पण तिच्या मायचा नेम तिनं मोडला नाही. शेवटचा माणूस उठेपर्यंत जिभेवर थेंब नाही.

आठवड्यानं मेस पुन्हा सुरू झाली. पहिल्या पंगतीला मावशी दारात उभी. बिसेन सरांनी वरण कालवलं, घास घेतला, छताकडे पाहिलं. ते स्वयंपाकात सामील होते. पण परीक्षक म्हणून त्यांची ख्याती निर्दयी होती.

"साडेसहा," ते म्हणाले.

मावशीनं पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. आत जाऊन ती रडली की हसली, ते आम्ही विचारलं नाही. मला विचाराल तर त्या साडेसहाचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा माझ्या नोकरीतल्या कुठल्याच गोष्टीचा नाही.

चार महिन्यांनी माझी बदली झाली, तीही अर्जुनीला, थेट घरी. लोक अभिनंदन करत होते आणि मी चोरासारखा निळ्या फाटकात उभा होतो. मावशीनं ओव्याची एक फांदी आणि गवती चहाचं एक ठोंब ओल्या फडक्यात बांधून दिलं. "धुवनाचं पानी देजो," म्हणाली. "आन् नाक चालू ठेवजो. मेहनत केली तुह्यावर."

"आणि तुमचं, मावशी? काही येतं का आता?"

"तुले काय करायचं हाय? तू तुह्या नाकाचं पाहा."

पुढे फोनवर विचारलं, तेव्हाही हेच उत्तर. दोनदा, चारदा, दहादा. येतो की नाही, हे तिनं कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, नसेल येत. आणि असा अभिमानी माणूस नाही म्हणायला जीभ कशी उचलेल?

गेल्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, कामानिमित्त गोंदियाला गेलो. आणि माझ्या अंगातला खोडकरपणा जागा झाला. स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीला म्हटलं, "बाई, तुमच्याकडचं सर्वांत खराब सांबार द्या."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, हे तं गाय बी नाही खानार."

"तेच द्या."

जुडी वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यावर टॉवेल, टॉवेलावर कचेरीची फाइल, बॅगेची चेन बंद. मेसमध्ये पोचल्यावर बॅग बाकड्याखाली, माझ्या पायापाशी. वाट पाहिली. स्वयंपाकघरातून आवाज येईल म्हणून कान लावून बसलो. काही नाही. मावशी थोडी वाकली होती, पण पळी तशीच चालत होती. माझी जीभ पाहिली, चहा कमी कर म्हणाली, तिवारीजींकडे हात पुढे केला, त्यांनी गोळी दाखवली. मग परसातून ताजं सांबार आणून तिनं ते बिसेन सर आणि तिवारीजींच्या नाकाशी धरलं. "कसं हाय?" दोघं डोळे मिटून, मान हलवून, शब्द शोधत होते. माझ्या मनात कळ उठली. म्हणजे नाहीच आला. इतक्या दिवसांत नाही आला.

हात धुताना तिवारीजींना हळूच विचारलं. ते म्हणाले, "पता नहीं भाई. हमसे तो आज भी रोज सुंघवाती हैं." मग छाती काढून म्हणाले, "हमारे बिना मेस नहीं चलती." बिसेन सरांनी वरणाला सहा दिले आणि मला म्हणाले, "परवा मेथी जुनी होती. मी गल्लीच्या तोंडावरून ओळखली." हे सांगताना हा माणूस चक्क हसला.

मी बॅग उचलली, निरोप घेतला, रिक्षात बसलो. तेवढ्यात मावशी फाटकापर्यंत आली. हात पुसत पुसत रिक्षाजवळ वाकली आणि अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "थैलीतलं ते सांबार गाईले बी टाकू नोको. तीन दिवसायचं हाय, देठ सडले त्याचे. गाय बिमार पडन."

मी बॅगेकडे पाहिलं. बॅग अजून बंद होती. मला एकाच वेळी हसू आलं, रडू आलं आणि रिक्षात उभं राहून नाचावंसं वाटलं; पण रिक्षाला टप होता.

"मावशी! म्हणजे तुम्हाला... कधीपासून?"

"झालं मागच्या उन्हाळ्यात. पयले ओवा आला. मंग एकेक करून बाकीचे. सांबार सर्वायच्या मागून." तिनं मागे वळून मेसकडे पाहिलं. खिडकीतून बिसेन सर आणि तिवारीजी दिसत होते. मधे एक पान धरून, नाकं जवळ आणून, दोघं काहीतरी जोरात भांडत होते.

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

मावशीनं माझ्या तोंडावर बोट ठेवल्यासारखं केलं.

"त्यायले सांगू नोको गा," ती म्हणाली. "त्यायचं नाक आत्ता कुठं चालाले लागलं हाय."

रिक्षा निघाली. वळणावरून मागे पाहिलं, तर निळ्या फाटकात साडेचार फुटांवर दोन बोटं मावशी उभी होती. पदर खोचलेला, आणि ते नाक वर, वाऱ्यात.